फेऱ्यांची वाट

३ फेब्रुवारी

एकतीस वर्षं पुलांच्या कामावर होतो. रोज संध्याकाळी दिवसाचा अहवाल लिहायचा आणि सही ठोकायची. निवृत्त होऊन सात महिने झाले तरी हाताची सवय जात नाही, म्हणून ही वही आणली. खरं कारण असं, की घरात बोलायला कोणी नाही.

ही लेकीकडे जाऊन पाच आठवडे झाले. लेकीचं बाळंतपण आहे, दीड महिना राहते म्हणून गेली. काल फोनवर म्हणाली, "अजून महिनाभर राहीन म्हणते." मी म्हटलं, राहा. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जाताना ही शिलाई मशीनही घेऊन गेली आहे. दीड महिन्यासाठी कोणी शिलाई मशीन नेतं का? बाळाचे कपडे शिवायचे असतील, अशी मनाची समजूत घालून चहा केला. चहा कडू झाला.

आता लिहितोच आहे तर स्पष्ट लिहितो. ही परत येणार नाही, अशी मला भीती वाटते. भांडण झालेलं नाही, आमच्यात भांडणं होतच नाहीत. पण एकतीस वर्षं मी महिन्यातून दोनदा घरी येणारा पाहुणा होतो. आता मुक्कामाला आलो, तर घरची बाईच निघून गेली.

४ फेब्रुवारी

झोपेतून उठताना सुचलं. फार वर्षांपूर्वी, लेक चौथीत होती तेव्हा, ही मागच्या दाराशी उभी राहून म्हणाली होती, "इथे एक बाग असती तर किती बरं झालं असतं." मी म्हटलं होतं, रिटायर झालो की करू. घरामागे चाळीस फूट बाय साठ फूट जागा नुसती पडून आहे. एक वाकडं लिंबाचं झाड आहे, एका बाजूला कपड्यांच्या दोऱ्या आणि बाकी गवत.

ठरलं. ही यायच्या आत बाग करायची आणि तिला सांगायचं नाही. दार उघडून बघेल तेव्हा कळेल.

५ फेब्रुवारी

नर्सरीवाला येऊन गेला. जमिनीकडे बघितलंच नाही, माझ्या घराकडे बघितलं. म्हणाला, "साहेब, दोनशे रोपं उद्या उतरवतो, महिन्यात हिरवंगार." मी विचारलं, स्वयंपाकघराच्या मागे पाणी तुंबतं, त्याचं काय? म्हणाला, "पाणी झाडांना चांगलंच की." माती बघितल्याशिवाय आम्ही साधा खांब उभा करायचो नाही. चहा पाजून वाटेला लावला.

खात्यातल्या जुन्या सोबत्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, बागेचं रीतसर शिक्षण घेतलेली माणसं असतात. ऊन, उतार, माती, पाणी सगळं बघून नकाशा काढतात आणि मग काम करून घेतात. माळी वेगळा, हे वेगळे." मला हे ठाऊक नव्हतं. मी समजत होतो, बाग म्हणजे खड्डा, खत आणि देवावर भरवसा. सोबत्याने एका बाईंचा नंबर दिला. या वहीपुरतं त्यांचं नाव नकाशाबाई.

९ फेब्रुवारी

नकाशाबाई पंचेचाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. मी टेंडर उघडावं तसे प्रश्न विचारले. शिक्षण काय? किती बागा केल्या? त्यातल्या किती जिवंत आहेत? तिसऱ्या प्रश्नावर त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "नव्या बागेचे फोटो कोणीही दाखवेल. चार वर्षांपूर्वीची एक बाग आहे, स्वतः जाऊन बघा. मी बरोबर येत नाही, म्हणजे मालक मोकळेपणाने बोलतील."

गेलो. मालक दातांचे डॉक्टर. बाग खरंच जिवंत होती, पाणी कुठे तुंबत नव्हतं, पायऱ्यांची उंचीही एकसारखी. मी टेप नेली होती. डॉक्टरांची म्हातारी आई भिंतीजवळ सावलीत बसली होती, जिथून रस्त्यावरची माणसं दिसतात अशा जागी. डॉक्टर म्हणाले, "बाई आधी दोन दुपारी नुसत्या आईशेजारी बसून होत्या. नकाशा त्यानंतर काढला."

दोन दुपारी नुसतं बसून राहायचे पैसे घेतात, हे मला जरा जास्तच वाटलं. पण काम चोख आहे. यांनाच द्यायचं.

१४ फेब्रुवारी

नकाशाबाई सकाळी आठला हजर. पाण्याची नळी लावून त्यांनी उतार काढला, तीन ठिकाणी खणून माती बघितली, मूठभर ओली करून तिची वळकटी केली. मला फार बरं वाटलं, आपल्या जातीचं माणूस भेटलं. म्हणाल्या, "फक्त झाडं हवी असतील तर मी लागत नाही. इथे कोण, केव्हा, कुठे असतं, ते आधी ठरवायचं. झाडं शेवटी."

मग त्या लिंबापाशी थांबल्या. लिंबापासून मागच्या भिंतीपर्यंत गवतात एक उघडी पट्टी आहे, दीड फूट रुंद.

"इथून कोण चालतं?"

"कपडे वाळत घालायला हीच जात असणार."

"दोऱ्या तर त्या बाजूला आहेत."

"मग कुत्रीबित्री येत असतील."

त्यांनी सळई टोचून बघितली. आत जाईना. अठरा पावलं मोजली. दोन्ही टोकांना जमीन जरा गोलसर झिजली आहे, तीही त्यांनी दाखवली. म्हणाल्या, "ही कुठे जायची वाट नाही. माणूस इथे येऊन वळतं, तिथे जाऊन वळतं. ही फेऱ्यांची वाट आहे. दहा-बारा वर्षांची तरी असेल. कोणाची आहे ते कळेपर्यंत मी हिला हात लावणार नाही."

गवत न उगवलेल्या पट्टीचं एवढं कौतुक. शिकलेल्या माणसांची अशी एखादी खोड असतेच.

दुपारी हिचा फोन आला. बाळ रात्रभर जागतं, लेकीच्या घराच्या गच्चीवरून दूरवरचे दिवे दिसतात, खालच्या मजल्यावरच्या एका बाईंशी ओळख झाली, त्याही शिवण करतात, असं बरंच काही सांगत होती. नकाशाबाई बाहेर उन्हात उभ्या, म्हणून मी म्हटलं, "कामात आहे, कधी येतेस तेवढं सांग." म्हणाली, "तुम्हाला कसलं आलंय काम?" आणि ठेवला. गंमत वाटली. हिला काय माहीत कसलं काम ते.

१६ फेब्रुवारी

नकाशाबाईंनी दोन तक्ते दिलेत. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या हाताने भरायचे, सात दिवस. घराबाहेर कुठे उभे राहता, कुठे बसता, किती वाजता, किती वेळ? कोणतं फूल आवडतं? कोणता वास आवडतो? कोणत्या वासाने त्रास होतो? एकटं असावंसं वाटतं तेव्हा कुठे जाता?

माझा तक्ता पहिल्याच दिवशी भरून झाला. मी बाहेर जातच नाही. संध्याकाळी सात ते साडेआठ बातम्या, समोरच्या खोलीत.

दुसरा हिचा. बाई म्हणाल्या, "त्या गावाला आहेत तर फोनवर विचारून मी भरून घेते, दहा मिनिटं पुरतील." मी म्हटलं, मग गुपित काय राहिलं? त्या म्हणाल्या, "गुपित बाग करणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं." मी म्हटलं, माप माझ्याकडे आहे, चौतीस वर्षं संसार केलाय.

२२ फेब्रुवारी

हिचा तक्ता मीच भरला. अक्षर थोडं तिरपं काढलं. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. हा लबाडपणा आहे, पण चांगल्या हेतूने केलेला.

वाटलं होतं तितकं सोपं गेलं नाही. हिला फुलं आवडतात, गुलाब. निदान एकदा मी नेला होता तेव्हा घेतला होता. वास कोणता आवडतो, तिथे बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी रातराणी लिहिलं, ती सगळ्यांनाच आवडते. त्रास कशाने होतो? रेघ मारली. एकटं असावंसं वाटतं तेव्हा? 'लागू नाही' असं लिहिलं.

चौतीस वर्षांत पाच प्रश्नांची उत्तरं येऊ नयेत याची लाज वाटली. लेकीला फोन करून विचारावं असं मनात आलं. पण लेक म्हणाली असती, बाबा, आईलाच विचारा ना. म्हणून नाही केला.

२४ फेब्रुवारी

नकाशाबाईंनी तक्ते वाचले. हिचा लेकीमार्फत भरून आला, अशी थाप मी मारली होती. हिचा दोनदा वाचला. विचारलं, "बाईही खात्यात नोकरीला होत्या का?"

"नाही. का?"

"त्यांनी लिहिलंय, 'सदर जागी खुर्चीत बसून फुले पाहणे, वेळ सायंकाळी पावणेसहा ते सव्वासहा.'"

"फार टापटीप आहे तिला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागद घडी करून ठेवला. माझ्या बायकोचं कौतुकच वाटलं असणार त्यांना.

६ मार्च

नकाशा आला. चांगला आहे. स्वयंपाकघरामागचं पाणी दगडी चरातून भिंतीकडे जातं, ऊन कुठे आणि सावली कुठे ते दर महिन्याचं दाखवलंय. पण मधली ती पट्टी तशीच ठेवली आहे, उघडी, ओसाड. एवढ्या सुरेख कागदावर मध्येच टक्कल. मी म्हटलं, इथे उंच वाफा करा, त्यात गुलाब, पुढे बाक. दारातून नजर सरळ तिथेच जाते.

"एक वर्ष थांबा. बाकी सगळी बाग करते. ही पट्टी रिकामी ठेवू. बाई आल्या की विचारू."

"तिच्यासाठीच तर करतोय."

"म्हणूनच म्हणते."

चढ्या आवाजात म्हणालो, पैसे माझे, जागा माझी, बायकोही माझीच. साइटवर असा आवाज काढला की लोक कामाला लागायचे. त्या लागल्या नाहीत. दोन दिवस मागून घेतले, विचार करते म्हणाल्या.

८ मार्च

त्यांचं पत्र आलं. 'मधली वाट काढून वाफा करण्याचे काम मालकांच्या आग्रहावरून करत आहे. माझा सल्ला वेगळा होता.' खाली सही. मी पोच दिली. अशी पत्रं मी वरिष्ठांना आयुष्यभर लिहिली. आपण लिहिलेलं कधी खोटं ठरलं नव्हतं, हे आज उगाच आठवलं.

२१ मार्च

वाट खणली. दोन माणसांना अख्खा दिवस लागला, बाकी जमीन तासाभरात झाली होती. एकजण म्हणाला, "साहेब, इथे रस्ता होता का?"

हिला संध्याकाळी फोन केला. मुक्काम आता एप्रिलपर्यंत लांबलाय. आवाज बरा लागला. "आज काय झालं सांगू का?" म्हणाली. मी म्हटलं, बातम्या लागल्यात, उद्या सांग. 

२२ मार्च

हिला कालचं विचारायचं राहून गेलं. बाकाचे दगड उतरत होते.

११ एप्रिल

काम संपलं. नकाशाबाईंनी प्रत्येक रोपाला किती पाणी, केव्हा छाटायचं, कोणत्या महिन्यात काय वाळेल आणि त्याने घाबरायचं नाही, हे सगळं चार पानांत लिहून दिलं. तीन महिन्यांनी बघायला येणार आहेत. जाताना म्हणाल्या, "बाई आल्या की त्यांना आधी एकट्यांना जाऊ द्या बागेत. तुम्ही मागे मागे जाऊ नका."

बाग झकास झालीय. सकाळी चारदा जाऊन आलो. पण बाकावर पाच मिनिटांवर बसवत नाही. एकट्याने बघायचं तरी काय?

लेकीला फोन करून सांगितलं, आईला पाठव, गंमत आहे. लेकीला मी बाग केल्याचं सांगितलं, तेव्हा म्हणाली, "बाबा, आईला विचारलंत?" मी म्हटलं, गंमत विचारून करतात का?

२६ एप्रिल

ही आली. शिलाई मशीन आणलं नाही.

मी हिच्या डोळ्यांवर हात ठेवून मागच्या दारापर्यंत नेलं. या वयात शोभत नाही, पण नेलं. हात काढला. ही उभी राहिली. नजर गुलाबांवर गेली, बाकावर गेली, मग जमिनीवर काहीतरी शोधत राहिली. "छान आहे," म्हणाली. मग, "फार छान केलंत." मग आत जाऊन भांडी जागेवर लावायला लागली. मी कुठलं भांडं कुठे ठेवलं होतं ते बघून हसलीही.

मला वाटलं होतं रडेल. आनंदाने.

२८ एप्रिल

पावणेसहाला हिला बाकावर बसवलं. सहाला उठली. मी म्हटलं, बस की अजून. म्हणाली, "गुडघे आखडतात हो दगडावर." रात्री खिडकी लावून घेतली. रातराणीच्या वासाने डोकं धरतं म्हणे. लग्नाच्या आधीपासून. मला कधी बोलली नाहीस, असं म्हटलं. "तुम्ही असताना रातराणी कुठे होती?" म्हणाली. तेही खरंच.

साडेसातला बातम्या चालू होत्या आणि ही हातात फोन घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली. मी पहिल्यांदाच उठून बघितलं. वाफ्याच्या कडेला उभी होती. दोन पावलं इकडे टाकली, गुलाबाचा काटा साडीला लागला, तो सोडवला आणि आत आली. फोन बंदच होता.

३ मे

आज विचारलं. सगळं लिहिणार आहे, जसं झालं तसं.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "तुला बाग आवडली नाही."

"आवडली. दुसऱ्या कोणाची असती तर फारच आवडली असती."

"मग काय चुकलं?"

बराच वेळ टेबलावरचा डाग पुसत राहिली. मग म्हणाली, "तिथे मी फेऱ्या मारायचे. लिंबापासून भिंतीपर्यंत."

"कशाला?"

"तुमच्याशी बोलायला. तुम्ही साइटवरून साडेसातला फोन करायचात. घरात आवाज तुटायचा, लिंबापाशी नीट यायचा. एका जागी उभं राहून अर्धा तास कोण बोलणार? बारा वर्षं चालले."

मला आठवत होता तो फोन. कँटीनच्या मागे पाण्याच्या टाकीला टेकून करायचो. ही कुठून बोलते, असा प्रश्न मला बारा वर्षांत पडला नाही.

"पण मी घरी आल्यावर तर..." मी म्हटलं. घरी आल्या आल्या मीच ते इंटरनेटचं यंत्र बसवून घेतलं होतं, आता कोणत्याही खोलीत आवाज येतो.

"तुम्ही आल्यावरही जायचे. साडेसात वाजले की पाय आपोआप निघायचे. तुम्ही आत बातम्या बघायचात. मी तिथे दिवसभराचं सांगत फिरायचे."

"कोणाला?"

"तुम्हालाच. फोनवरच्या तुम्हाला." मग माझ्याकडे बघत म्हणाली, रागाने नाही, दमल्यासारखी. "फोनवर तुम्ही पहिलं विचारायचात, आज काय केलंस? आणि ऐकायचात. तिकडे दुसरं काही करायला नसेल म्हणून असेल. इथे आल्यापासून एकदाही विचारलं नाहीत. सहा महिने मी वाट बघितली. मग लेकीकडे गेले."

मी म्हटलं, तूच एकदा म्हणाली होतीस ना, बाग असती तर बरं झालं असतं.

"तेव्हा हवी होती हो. पोर लहान होती, तुम्ही नव्हता, दिवस सरता सरत नव्हता. तेव्हा हवी होती."



४ मे

तिला त्या तक्त्याचंही सांगून टाकलं. 'लागू नाही' लिहिलं तेही. ऐकून हसली, आधी खरंच हसली. "चौतीस वर्षांत माझं अक्षर तरी नीट काढायचं," म्हणाली. मग उठून गेली. न्हाणीघरातला नळ खूप वेळ चालू होता.

९ मे

ही लेकीकडे गेली. रागावून नाही, असं तीनदा सांगितलं. लेकीची रजा संपतेय, बाळाला कोणीतरी हवं, खालच्या बाईंबरोबर शिवणाचे वर्ग सुरू करायचेत, गच्चीवर मोकळी हवा आहे. सगळी कारणं खरी आहेत. परत कधी, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बसथांब्यावर पिशवी मी धरली होती. मला बोलायचं बरंच होतं. मी एवढंच म्हणालो की पाण्याची बाटली घेतलीस ना?

दिव्याखाली अंधार म्हणतात. मी तर दिवाच घेऊन आलो तिच्या दारात, आणि तिचं होतं तेवढंही मोडलं.

२ जून

बागेला पाणी घालतो. चार पानांत लिहिल्याप्रमाणे. गुलाबांना कळ्या धरल्यात. खुडून टाकाव्याशा वाटतात, पण त्यांचा काय दोष?

१८ जुलै

नकाशाबाई ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांनी आल्या. सगळी झाडं बघितली, एक मेलं होतं त्याची नोंद केली. मी त्यांना सगळं सांगितलं, तिरप्या अक्षरासकट.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तक्त्यात 'सदर जागी' वाचलं तेव्हाच. मी तेव्हाच काम सोडायला हवं होतं. पत्र लिहून स्वतःची कातडी वाचवली, त्याचं मला आजही वाईट वाटतं."

त्यांना वाईट वाटावं असं मला वाटलं नव्हतं. चूक माझी एकट्याची होती, तिला वाटेकरी मिळाल्याने ती कमी झाली नाही.

मी विचारलं, वाफा काढून वाट होती तशी करता येईल का? जितके दिवस लागतील तितके लागू देत.

"वाफा दोन दिवसांत निघेल. माती सपाट करून देईन. वाट नाही करता येत मला, कोणालाच नाही." मग बाकावर टेकल्या आणि त्यांच्या त्या सवयीने नुसत्या बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बाईंना आता काही विचारता का?"

"विचारतो की. कधी येतेस म्हणून."

"तो प्रश्न तुमच्याबद्दलचा झाला," त्या म्हणाल्या, आणि सामान उचललं.

१९ जुलै

दुपारी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. बायकोला फोन करायला भीती वाटावी, हे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

२० जुलै

साडेसातला बातम्या बंद केल्या आणि फोन लावला. हिने घेतला, मागे वारा होता. मी म्हटलं, "आज काय केलंस?"



"कोणी शिकवलं?" म्हणाली.

"कोणी नाही. म्हणजे, थोडं शिकवलं. पण विचारतोय मी."

मग बोलायला लागली. बाळाला पहिला दात येतोय, म्हणून ते दिवसभर चिडचिडं. वर्गाला सात जणी आल्या, त्यातली एक डावखुरी, तिला कात्री कशी धरायला शिकवावी ते कळेना, मग हिने स्वतः डाव्या हाताने कापून बघितलं आणि एक बाही वाया गेली. खालच्या बाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात. लेकीशी थोडं वाजलं, कशावरून ते आधी सांगेना, मग सांगितलं. मी मध्ये सल्ला द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. पस्तीस मिनिटं झाली. निम्मी नावं मला कळली नाहीत. ही डावखुरी बाई कोण, ते उद्या नीट विचारायला हवं.

ही इतकं बोलते, इतकी गमतीशीर बोलते, हे मी विसरलो होतो. सहा महिने हे सगळं माझ्यापासून भिंतीपलीकडे, चाळीस पावलांवर होतं.

शेवटी न राहवून म्हटलं, "तू घरी आलीस तर मी रोज विचारेन. समोर बसून."

ती थोडं थांबली. चालताना थांबावं तशी.

"समोर नाही जमणार तुम्हाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, माया होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "समोर असलात की तुम्ही साहेब होता. फोनवर बरे आहात. फोनच करत जा."

मी बरं म्हटलं. किती वाजता, असंही विचारलं. ती म्हणाली, याच वेळेला, याच वेळेला ती गच्चीवर असते.